नाव

दिवाळ्याच्या जेट्टीवर मी होड्यांना नावं घालतो.
बत्तीस वर्षं झाली.
आधी पांढरा हात, त्यावर पिवळी अक्षरं, कडेला लाल रेघ.
लाल रंग खाऱ्या पाण्यात टिकत नाही,
म्हणून ती रेघ दर नारळी पौर्णिमेआधी पुन्हा.
होडी विकली तरी नाव सहसा राहतं.
हरेश्वरची बायको गेली तेव्हा तो म्हणाला, पुसून टाक.
मी पॉलिश पेपर भिजवला,
तेवढ्यात स्वतःच म्हणाला, राहू दे.

प्रणित इथेच शिकला.
'श'ची गाठ त्याला माझ्याहून चांगली जमते.
आता तो टँकरवर आहे.
बेलापूरचा एजंट सातव्या मजल्यावर एसीत बसून सांगतो,
"या नावाचं जहाजच नाही हो, तांडेलकाका."
पाच महिन्यांचा पगारही त्याच नावावर होता.

रात्री फोन आला.
"पप्पा, काल पुन्हा रंगवलं. तिसरं.
मागच्या बाजूला फळीवर लोंबकळत, टॉर्च दातात धरून.
पहिलं नाव वेल्डिंगचं आहे,
रंगाखालून बोटांना लागतं."
झेंडा कुणाचा?
"माहीत नाही. नवं कापड आहे, घडी मोडली नाही अजून."
तेल?
"रशियाचं."
मग लाइन गेली, किंवा त्यांनी घालवली.
आपण कुठे आहोत हे सांगणारं यंत्रच
ते बंद ठेवतात म्हणे.

तिकडे एक माणूस आहे, लांब टेबलाच्या टोकाला.
दुसऱ्या टोकाला कुणी खोकलं
तर त्याच्यापर्यंत पोचत नाही.
त्यानं आधी लढाईचं नाव बदललं.
लढाईला लढाई म्हणाल तर तुरुंग.
मग शेजाऱ्याला म्हणाला, तुझं नावच खोटं,
तू नव्हतासच कधी, काढा जुना नकाशा.

नकाशेवाल्यांशी आमची ओळख जुनी.
आमच्या मिठागराचा त्यांनी सेक्टर केला,
बाप साडेबारा टक्क्यांचा कागद घेऊन
चौदा वर्षं हेलपाटे घालत राहिला.
पण त्याला कुणी म्हणालं नाही की तू नव्हतासच.
रात्री छपरावर आभाळातून काही पडलं नाही.
हा फरक मी मानतो. लहान नाही.

शांताराम कडू डॉकयार्डातून रिटायर झालेले.
रशियाविरुद्ध शब्द काढला की एकाहत्तर साल काढतात.
खरं आहे. एकाहत्तरचं एकाहत्तरला.
तरुणपणी ते निकोलायेवच्या गोदीत गेले होते
आपलं जहाज आणायला.
तिथली एक म्हातारी त्यांना बिटाचं सूप द्यायची.
प्रणितनं मागच्या सुट्टीत मोबाइलवर दाखवलं,
ते शहर युक्रेनात आहे,
आणि त्याच्यावर बॉम्ब टाकणारे कोण आहेत.
कडू बराच वेळ चष्मा पुसत बसले.
"तेव्हा त्याचं नाव रशियाच होतं," म्हणाले.

आणि पश्चिमेकडचे, धुतल्या तांदळाचे.
बंदी घालतात. भाव ठरवून देतात, एवढ्यालाच विका.
तेच तेल आपल्या किनाऱ्यावर उकळून डिझेल झालं,
नवं नाव लागलं, नवं बिल फाटलं,
की घेतलंच ना इतकी वर्षं?
जहाजाचं नाव काळ्या यादीत टाकतात.
तोवर माझ्या पोरानं ते झाकलेलं असतं.

माझ्या स्कूटरची टाकीही कोरडी नाही.
पंपावर मी कधी विचारलं नाही, हे कुठलं.

काल एक नवी होडी आली, लाकडी.
मालक घाईत. एकच हात मार, म्हणाला.
मी घरून पटाशी आणवली.
आधी अक्षरं कोरली, अर्धं पेर खोल,
संध्याकाळपर्यंत. मग रंग.
अंधारातही हात फिरवला तर लागेल असं.
मालक म्हणाला, याचे जास्त पैसे देणार नाही.
नको देऊ, म्हटलं.