पंखा, एकवर

फॉर्मवर दोनच चौकोन होते.
मानाय नेनितानं फॉर्म उलटा केला,
कोऱ्या बाजूवर पेन टेकवून विचारलं,
"काय लिहू?"

मी बोटींची इंजिनं दुरुस्त करते.
मला विचारतात ते, किती होतील, कधी देशील.
पैसे देताना हाताला हात लागू नये म्हणून
बाकावर ठेवतात.
काय लिहू, हे आजवर कुणी विचारलं नव्हतं.

अमिहान, मी म्हटलं.
ईशान्येचा गार वारा, पोरं पतंग काढतात तेव्हाचा.
सतराव्या वर्षी मीच ठेवलं हे नाव,
तेव्हापासून गाव मला नावं ठेवतंय.
आईनं मात्र एकदा म्हणून पाहिलं होतं,
चुलीवर भात ठेवता ठेवता, हळूच,
गरम घास जिभेवर घेऊन बघावा तसं.

मग त्या नोव्हेंबरात तिला वाऱ्यानंच नेलं.
वाऱ्यानं, आणि वाऱ्यामागून आलेल्या पाण्यानं.

सरकारनं आपल्याला वाऱ्यावर सोडलं, लोक म्हणतात.
मी काय म्हणू?
मी तर त्याचंच नाव लावून हिंडते.

छावणीत दोन रांगा होत्या.
मी मधल्या चिखलात, आईचा ओला ब्लाऊज घालून.
तांदूळ मोजणारा म्हणाला, "आधी ठरव तू कोण ते."
मी ठरवलेलंच होतं.
त्याच्या यादीनं ठरवलं नव्हतं.

पुढे शहरात एक डॉक्टर भेटला.
त्यानं आधी माझे कपडे विचारले, मग बाप, मग प्रार्थना.
तासभर मला बरं करत राहिला.
वाऱ्यापर्यंत पोचलाच नाही.

"आणि ऐक," मी मानायला म्हटलं,
"एवढी माणसं मारली म्हणून
त्या वादळाचं नाव यादीतून काढलं, दुसरं घातलं.
एका बैठकीत. कोर्ट नाही, शपथपत्र नाही.
माझ्या दाखल्यावर अजून रॉडेलच आहे.
मी तर कुणाला मारलेलं नाही."
ती हसू दाबत होती, मला दिसलं.
मग दाबता येईना. दोघींनाही.

नाव पाण्यावरची असती
तर एका दुपारीत नीट केली असती मी.

"तुझी भीती खोटी आहे असं मी म्हणणार नाही," ती म्हणाली.
"समुद्र वर येतोय. माझंही घर किनाऱ्यालाच आहे."
मग उपाय?
"उपाय नाही माझ्याकडे. एक पंखा आहे."

टेबलावरचा, जाळी वाकलेला, हिरवट.
पहिल्या आठवड्यात नुसता खोलीत. वायर काढलेली.
तरी मी दाराजवळच्या खुर्चीत बसले.
दुसऱ्या आठवड्यात पलीकडच्या खोलीत, दार लावून, सुरू.
मी बादलीत ओकले.
तिनं बादली स्वतः धुतली, काही बोलली नाही,
माझ्यासमोर पाण्याचा ग्लास ठेवला. बाकावर नव्हे,
हातात.

मधले दोन आठवडे मी गेलेच नाही.

मग एकदा मीच म्हटलं, याचं बुश गेलंय, म्हणून खडखडतो.
खिशातला पाना काढला. जाळी उतरवली,
पाती पुसली, तेलाचे चार थेंब.
हातांना भीती वाटत नव्हती. हातांना काम होतं.
झाल्यावर लक्षात आलं,
मी त्याच्यापासून वीतभर अंतरावर बसलेय.

आज एकवर लावला.
कपाळावरचे केस हलले.
"अमिहान," मानायनं हाक मारली,
आणि कुणाला, ते कळायला मला क्षण लागला.
बाहेर कुठंतरी पत्रा वाजला.
मी खुर्चीची कड धरली. सोडली. परत धरली.

"दोनवर नको," मी म्हटलं.
"दोनवर नाहीच," ती म्हणाली.