येतो

खोलीची किल्ली परत देताना
बकारीनं कागद पुढं सरकवला.
खिडकी: ठीक. गादी: ठीक. भिंतीवरचे डाग: नाहीत.
एक होता खरा, हळदीचा, शेगडीच्या वर.
त्याच्यावर मी कॅलेंडर लावलेलं,
आणि जानेवारीचं पान मुद्दाम तसंच सोडून आलो.

सही केली. म्हणालो, येतो.
मराठीतच. तोंडातनं गेलं.
म्हणजे काय, त्यानं विचारलं.
जाताना म्हणायचं असतं.
परत येणार आहेस?
नाही.
तो हसला नाही. किल्ली खिळ्याला अडकवली.

*

सी.बी.टी.वर जोतिबा उभा होता.
तेवीस किलोंची बॅग त्यानं टाकीवर आडवी घेतली
आणि हिंडलग्यापर्यंत एक शब्द बोलला नाही.
मग त्याचा पंप आला.
शिनोळीपलीकडच्या गाड्यांची रांग अजून तशीच,
लिटरमागं चार पैसे वाचतात म्हणून
हद्द ओलांडून आलेल्या.
मी सांगितलं, आम्हीपण हेच करायचो की.
स्ट्रासबर्गातनं ट्राम धरायची, ऱ्हाईन ओलांडायची,
दुसऱ्या देशात जाऊन शाम्पू आणि तांदूळ आणायचे.
मधे कोण अडवत नाही?
एकदा अडवलं. डबा भरलेला होता.
फक्त मला.
जोतिबानं गिअर बदलला, थोडं थांबून विचारलं,
पोलिसाला कुठली भाषा येत होती?

आमच्याकडं हाच पहिला प्रश्न असतो.

*

आता सांगतो: मी सुगंधा,
उचगावच्या भरमा चौगुल्यांची थोरली.
आमच्यात बायका अशाच बोलतात.
आई म्हणते, मी आलो, मी जेवलो, मी दमलो बघ.
पुण्यात आत्याच्या घरी सगळे खो खो हसले होते,
मग वर्षभर मी आरशासमोर घोकलं,
आले, गेले, बसले,
दुसऱ्याच्या चपला घालून चालल्यासारखं.

मादाम क्लाइन लाल पेनानं
माझ्या प्रत्येक येण्याजाण्याच्या शेवटी
एक अक्षर जोडायच्या.
बाईनं ते लिहायचं असतं, उच्चारायचं नसतं.
कानाला सगळे सारखेच पोचतात,
बाई असणं कागदापुरतं.
मी त्यांना आईचं बोलणं सांगितलं.
त्यांनी पेन खाली ठेवला.
माझ्या आईला, म्हणाल्या,
घरची बोली शाळेत बोलली म्हणून
शंभर ओळी लिहायला लावायचे.
मग खिडकीबाहेर बघत राहिल्या, एक ट्राम जाईस्तोवर.
दीड गुण तरी कापलाच.

वीसपैकी तेरा. बाबांनी दोनदा विचारलं.
म्हणजे पास की, म्हणाले,
आणि मोटर चालू करायला गेले.

*

दहा दिवस झाले. मसुरीला फुलं आलीत,
इतकी फिकी की वाकल्याशिवाय दिसत नाहीत.
शेजारच्या काकू विचारतात, तिकडं थंडी किती?
लै, मी सांगतो.
त्याच्यापुढं काय सांगायचं ते सुचत नाही.
इल्झे झोपताना भिंतीवर दोन टकटक करायची
आणि मी दोन परत द्यायचो, हे सांगू?
की वाचनालयातला दिवा,
फार वेळ कुणी हललं नाही की आपोआप विझायचा?
हात वर करून हलवायचा, मी आहे अजून, म्हणून.
काल रात्री करंट गेला
तेव्हा जेवता जेवता माझा हात वर गेला, हलला.
कुणी बघितलं नाही, अंधार होता.

आज मेल आला.
अनामत रकमेतून वीस युरो वजा.
कारण: डाग, पिवळा, एक.
मी हसायलो, थांबेचना.
आई खुरपं घेऊन मसुरीकडं निघालेली,
उंबऱ्यात वळली. काय झालं गं?
काय नाही. भिंतीला हळद लागलेली.
कमी घालायची की, म्हणाली.
पदर खोचला.
येतो.