पावती क्रमांक दोनशे बारा

नाग नदीच्या गाळात
तेल खाणारा जीवाणू असेल,
असं मी मोबाइलवर सांगितलं
आणि मांडव नाही, मूर्ती नाही, तरी
वर्गणी येत गेली.
बर्डीच्या बॅगवाल्यानं एक्कावन्न,
महालातल्या खापेकर बाईंनी पेन्शनीतून पाचशे,
कुणीतरी नाव न घालता अकरा.

चौदा महिने. एकशे साठ बश्या.
तेल तसंच तरंगत राहिलं.

आज हिशेब पाठवला:
रसायनं, काचसामान, इन्क्युबेटरचं भाडं.
शेवटच्या ओळीत, निष्कर्ष: नाही.

खापेकर बाईंचा लगेच फोन,
"तिथं नाही, एवढं तर कळलं नं पोरी?
मंग पिवळ्या नदीचा गाळ पाहून घे.
पावतीपुस्तक उरलं हाये का?"

उरलंय.
फक्त त्या अकरा रुपयांना
'नाही' कुठल्या पत्त्यावर कळवू?