रस सुटल्यावर

जोवर द्राक्ष द्राक्ष आहे, तोवर कुणीही हात लावावा.
युलालिओ लावतो, त्याच्या सुना लावतात,
मी तर मणी चावून
बी किती तपकिरी झाली ते हातावर थुंकून बघते.
पासो रोबल्सचा सप्टेंबर तासगावच्या मार्चइतका कोरडा.

मग क्रशरचं बटण नफ्ताली दाबतो
आणि पहिला रस सुटतो.
तिथून पुढे मी फक्त तोंड.

"झडप अर्धी उघड. अजून. बस."
"सालींचा थर वर आलाय, दाब खाली."
तो आणि त्याचा मेहुणा, दोघे शनिवार पाळणारे,
माझ्या शब्दांवर हात हलवतात.
मी सहा फुटांवर, हात पाठीमागे,
झेंडावंदनाला उभी असल्यासारखी.
नळीवर पाय पडला तर? विचारलं होतं पहिल्या वर्षी.
तो हसला नाही. म्हणाला, पाय जरा जपून.

यीस्ट त्यांच्या यादीतलं. निवळायला माती चालते,
हाडांचा सरस नको.
पहिली तीन वर्षं वेलाचं फळ कुणाचंच नाही.
हा नियम मला आवडला.
आमच्याकडे दुसऱ्याच वर्षी व्यापारी बांधावर येऊन घड मोजतो.

माझी आई दुसऱ्यांच्या बागेत घड बुडवायची,
जी.ए.च्या मगात एकेक घड, दुपारपर्यंत पाठ मोडेस्तोवर.
मणी फुगवायला तिचे हात चालायचे.
त्याच बागेच्या मालकिणीनं पाणी दिलं ते वरून:
वर तांब्या, खाली आईची ओंजळ,
मध्ये वीतभर हवा.
त्या हवेला मी ओळखते.

म्हणून पहिल्याच हंगामात राजीनामा लिहिला.
मालक मॉर्टी, जन्मानं ज्यू, पण शनिवारी गाडी काढून
समुद्रावर जाणारा. कागद वाचला, घडी घातला,
आणि टाकीपाशी माझ्या शेजारी येऊन उभा राहिला, हात खिशात.
"मलाही मनाई आहे," म्हणाला. "माझ्याच टाकीला."

त्यानं राग गेला असं नाही.
राग खाली बसला, गाळासारखा.
गाळावर ठेवलेली वाईन गोल होते हे खरं,
पण ते वाईनबद्दल.

शुक्रवारी ऊन कललं की पंप गप्प.
शनिवारभर रस आपला आपण आंबतो.
तेवढा एक दिवस आम्ही सारखे:
नफ्तालीलाही हात लावायचा नसतो.

स्वस्त माल उकळतात. नळीतून, काही सेकंद, वाफ न दवडता.
उकळलेली वाईन कुणीही ओतावी, वेटरनं, युलालिओनं, मी.
कारण तसली वाईन, नफ्ताली सांगतो,
कुणी कुठल्या मूर्तीपुढे ओतत नसे.
"तुझ्या घरी मूर्ती?"
"दोन तसबिरी. निळ्या चौकटीत.
त्यांच्यापुढे मेणबत्ती लावते. वाईन नाही."
त्यानं मान हलवली; काय समजला, त्यालाच ठाऊक.

सात नंबरची सिरा मात्र आम्ही उकळत नाही.
तिचा नमुना तो ग्लासात काढतो,
टेबलावर ठेवतो, हात मागे घेतो.
मग मी उचलते.
चाखते, मोरीत थुंकते. उरलेलं परत जात नाही, तेही मोरीत.
वीतभर हवा, म्हणाल तर तीच.
फक्त ग्लास ठेवून तो जात नाही.
समोर उभा राहतो, माझ्या तोंडाकडे बघत,
निकालाच्या दिवशी पोरं बघतात तसा.

पिंप भरलं, बुचावर पट्टी आली, पट्टीवर त्याची सही वाळली
की बाहेरून लाकडाला हात लावायला हरकत नसते.
विचारून घेतलंय.
मी कान लावते.
आत तव्यावर खसखस तडतडावी इतका बारीक आवाज.

"काय म्हणते?"
"थांब म्हणते. मंगळवारपर्यंत."
आणि तो वहीत मंगळवार लिहितो.