अंगावर

खारशेतच्या सड्यावर चिरे कापायचं यंत्र
सकाळी सातला ओरडायला लागतं
आणि दहा वाजेतो काजूची पानंसुद्धा तांबडी.
चिरा नगावर मोजून जातो, ट्रकमधून.
भुकटी उरते. ती कुणालाच नको असते.
यल्लव्वाच्या केसांत, पोराच्या पाटीवर,
चहाच्या कपात खालचा थर.

तिच्याकडून मी तीन पोती उचलली,
एसटीत मागच्या बाकाखाली सारली.
कंडक्टर म्हणाला, "माती?"
म्हटलं, "माती नव्हे, जांभा."
"मग लगेज लागेल."

प्रयोगशाळेत डान्टस मॅडमनी ती धुतली, चाळली,
रात्रभर भट्टीत तापवली
(वॉचमनला मी बजावलं होतं, मेन स्विच पाडू नको),
मनगटाएवढ्या पाइपात ठासली,
तळाला काथ्याची चकती,
आणि वरून सोडलं कारखान्याच्या व्हाळातलं पाणी,
जाळी रंगवतात तिथलं.
निळं. आभाळाशी त्या निळ्याचं काही नातं नाही,
बोटाला लागलं की चौथ्या दिवशी नखात सापडतं.

थेंब.
बऱ्याच वेळानं, थेंब.
चंबूत उतरलं ते
मे महिन्यातल्या विहिरीइतकं कमी
आणि तितकंच नितळ.

मॅडमनी फळ्यावर लिहिलं: अधिशोषण.
पोरं हसली. त्यातलं अर्धं त्यांना ठाऊक होतं.
मॅडम म्हणाल्या, शोषण म्हणजे आत ओढून घेणं,
स्पंज घेतो तसं.
हा दगड आत घेत नाही, अंगावर घेतो.
भोकं, भोकांच्या आत भोकं,
एवढंसं अंग त्याचं; चिमूटभर उलगडलं
तर या वर्गाची फरशी झाकेल.

मी मागे उभा राहून परीक्षानळ्या विसळत होतो.
आमच्याकडे दुखणं अंगावर काढतात.
यल्लव्वाचा खोकला दोन पावसाळे जुना आहे.
हीच भुकटी तिच्या छातीत
कुठल्या भोकात जाऊन बसली असेल,
तिची किती फरशी झाकली गेली असेल,
ती आकृती पुस्तकात नाही.

चाळीस बाटल्या स्वच्छ आल्या.
एकेचाळिसावी उजेडात धरली तेव्हा
पांढऱ्या कपड्याला जास्त नीळ झाल्यासारखी.
बेचाळिसावीला संशय उरला नाही.
मॅडमनी वहीत तारीख घातली, पुढे एकच शब्द:
भरला.

खाडीवरनं जयवंती टिकम आली होती बघायला.
तिनं पहिली बाटली हुंगली, हलवली,
झाकणात ओतून जिभेला लावू लागली,
मॅडमनी हात धरला.
"रंग गेलो, खरा," ती म्हणाली,
"पन तिसऱ्यो परत येतल्यो काय?"
रंग नसलेलंही पाण्यात काही असतं,
ते मोजायचं यंत्र कोल्हापूरला आहे,
पंधरा दिवस तरी लागतील, असं मॅडम सांगत होत्या.
जयवंतीनं तेवढ्यात टोपली डोक्यावर घेतली होती.
भरती तिच्यासाठी थांबणार नव्हती.

आता सिंकखाली चार बादल्या आहेत,
निळ्या-तांबड्या, जांभळाच्या कोयीसारख्या.
सड्यावर टाकल्या तर मिरगात
पाणी त्यांना घेऊन पुन्हा खाडीत उतरेल.
मॅडमनी सिमेंटात कालवून एक चिरा पाडला.
तो दाराला लावलाय, वाऱ्यानं आपटू नये म्हणून.
महिन्यातून एकदा मी तो पाण्यात बुडवून बघतो
रंग सोडतो का.
अजून नाही. अजून, एवढंच म्हणता येतं.

गेल्या सोमवारी यल्लव्वाला मी
दुहेरी मलमलीचा तुकडा नेऊन दिला,
तोंडाला बांध म्हटलं, ओला करून.
ती मान हलवत हसली.

शुक्रवारी चौथं पोतं आलं.
भुकटी पिठासारखी मऊ, एकही खडा नाही.
पोत्याच्या तोंडाशी घडी घालून
तो मलमलीचा तुकडा, तांबडाभडक,
आणि ट्रकवाल्याकडून निरोप:
बाईंना बारीक लागते ना,
म्हणून गाळून दिली.