दुर्गम

लॉ कॉलेज चौकात संध्याकाळी जिल्हे बसतात.
फुटपाथच्या टोकाला गोंदिया, झाडाखाली यवतमाळ,
पानठेल्याला टेकून अख्खं चंद्रपूर,
सिगरेट एक आणि हात सात.

"तू कोणाचा बे?" बिसेननं विचारलं.
मी म्हटलं, सिरोंचा.
"मंग तेलंगणाच्या बेंचवर बस ना!"
तसा बेंच नव्हता.
"आडनाव?"
दुर्गम.
"रस्ता कसा आहे ते नाही विचारलं. आडनाव सांग."
सगळे हसले. मीही,
कारण हसणाऱ्यांत उभं राहिलं की
तेवढा वेळ माणूस कोणाचा तरी असतो.

शेवटी चंद्रपूरनं ठेवून घेतलं, कच्चं.
फ्रेशर्सला टाय उसना, गाणं तेलुगूत,
दुसऱ्याच ओळीला डीजेनं आवाज चढवला.
फुटाळ्यावरच्या सेल्फीत मी डाव्या कडेला,
कान तेवढा.

काल उशीर झाला. चौक रिकामा.
फोनवर आईशी बोलून झालं, तर
चहावाला गंज घासता घासता, मान वर न करता,
"टी तागुतावा?"

पोचम अण्णा. आसरअल्लीचा. इथे एकोणीस वर्षं.
त्यानं उलटा क्रेट माझ्याकडे सरकवला.
चहा गोड होता, फारच.
प्राणहितेला आत्ता किती पाणी असेल
याचा आम्ही अंदाज केला.
दोघांचाही चुकला असेल.