दोन रेघा

गंगापूर धरणाच्या मागच्या पाण्यावर, गंगावऱ्हे गावाच्या अंगाला
चिंधू बेंडकोळीची करडी रबरी बोट
आजारी म्हशीसारखी कुशीवर पडलेली.
मी सातपूरहून निघालो, स्कूटरवर पायांत हत्यारांची पेटी.
वाटेत सोमेश्वर लागले आणि ती म्हण आठवली,
आग रामेश्वरी, बंब सोमेश्वरी.
हसू आले नाही.

"एकटा असलो की पळते," चिंधू म्हणाला,
"तिघे बसवले की नुसती ओरडते."
एवढेच. मुळात कमी बोलणारा,
ऑगस्टपासून आणखी कमी.

आधी रोग ऐकावा, मग पाना उचलावा,
हे मी कंपनीत तीस वर्षे पोरांना सांगितले
आणि स्वतः आधी पाना उचलला.
प्लग काढला. टोक विटकरी, निरोगी.
कार्ब्युरेटर खोलला, जेट फुंकले,
तोंडात पेट्रोलची चव संध्याकाळपर्यंत.
इंधनाचा रबरी फुगा दाबून पाहिला: घट्ट.
दुसऱ्या दिवशी बोटीलाच दोष दिला.
थंडीने हवा आखडते, नळ्या मऊ पडतात,
पंप मारून मारून खांदे भरून आले.
मग मोटर इंचभर वर घेतली, सागाची फळी घालून.
पाण्यात सोडली. चौघे बसलो.
ओरडली.
काठावरचे बगळे उडाले, आम्ही तिथेच.

मग मी पाना ठेवला.
चहा घेतला आणि विचारले, कधीपासून?

त्याने अंजनेरीकडे पाहत सांगितले.
पाणी चढले त्या रात्री
टापूवरच्या बाभळीला एकजण धरून होता.
बोटीत हा, दोन पोरे, दोराची वेटोळी.
"मूठ पूर्ण पिळली, भाऊ. पूर्ण.
आवाज एवढा की पलीकडच्या गावाने ऐकला.
बोट जागची हलेना.
शेवटी वल्ही मारली.
पोचलो तेव्हा बाभूळ होती."

गावात म्हणतात, चिंधूचा हात कापला.
तोही तेच म्हणत असावा,
रात्री, भिंतीकडे तोंड करून.

मी त्याच्या पोरीला हाक मारली,
नखांना लावायचे काही आहे का गं?
सुगंधाने गुलाबी बाटली आणली, नाराजीने,
जत्रेतली होती, निम्मीच उरलेली.
पंख्याच्या मधल्या पितळेपासून बाहेरच्या पात्यापर्यंत
एक सरळ रेघ ओढली. वाळू दिली.
मग चौघे, वर वाळूच्या दोन गोण्या,
आणि मूठ पूर्ण.

काठावर आणून मोटर उचलली.
पितळेवरची रेघ एकीकडे,
पात्यावरची चार बोटे सरकून दुसरीकडे.

बघ, म्हटले. या दोघांच्या मध्ये रबराचा बुश असतो.
दगड लागला तर त्याने घसरावे,
आतले दाते वाचावेत, म्हणूनच बसवलेला.
म्हातारा झाला की दगड नसतानाही घसरतो.
हलके ओझे ओढतो,
जड आले की हात सोडतो.
इंजिन आपले फिरतेच आहे, जीव तोडून,
पाते त्याचे ऐकत नाही.

चिंधू उकिडवा बसला.
एका रेघेवर अंगठा ठेवला, दुसरीवर तर्जनी,
आणि मधले अंतर
बराच वेळ मोजत राहिला.

नवा बुश मी सातपुरातल्या लेथवाल्याकडून करून आणला,
प्रेसवर दाबून बसवला, साडेतीनशे रुपये.
शनिवारी चौघांना घेऊन बोटीने नाक आधी वर केले,
मग खाली टेकवले आणि पाण्यावर सपाट धावली.
चिंधूचा हात मुठीवर. मी तो पाहिला.
कापत नव्हता.
कधी कापत होता, असे मला वाटत नाही,
पण हे मी बोललो नाही; उशीर झालेली वाक्ये
काठावरच बरी.

जुना बुश त्याने मागून घेतला.
चिरा पडलेला, डांबरासारखा काळा,
शर्टाच्या खिशात, बिड्यांच्या शेजारी.

नव्या पंख्यावरही रेघ ओढून ठेवली आहे.
महिन्याला एकदा बघत जा, असे सांगितले.
सुगंधाला नवी बाटली द्यायची राहिली आहे.
गुलाबीच पाहिजे म्हणते.